डॉ. कमला सोहोनी : अटींवर मिळालेला प्रवेश आणि वालाच्या दाण्यातलं विज्ञान



28 फेब्रुवारी जवळ आला की आपल्या शाळांमध्ये राष्ट्रीय विज्ञान दिनाची तयारी सुरू होते. सर सी. व्ही. रामन यांचा फोटो कपाटातून काढून पुसला जातो, हार आणला जातो, चार-पाच मुलं पाठ केलेली भाषणं म्हणतात. 1928 साली याच तारखेला रामन परिणामाचा शोध लागला आणि 1930 साली त्यासाठी त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं, हे आता चौथीतलं पोरही सांगतं. ते सांगायलाच हवं. पण त्याच दिवशी मुलांना, विशेषतः मुलींना, आणखी एक नाव सांगा असा माझा आग्रह आहे. ते नाव म्हणजे डॉ. कमला सोहोनी. लग्नाआधीच्या कमला भागवत.

स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकात त्यांच्यावर एक ओळ असते. केंब्रिज विद्यापीठातून विज्ञानात पीएच.डी. मिळवणारी पहिली भारतीय स्त्री. ओळ पाठ होते, एक गुण मिळतो आणि बाई विसरल्या जातात. या लेखात त्या ओळीच्या पलीकडे जाऊ या. कमलाबाईंचा विषय होता विकरं, म्हणजे एन्झाइम. हा विषय आपल्या ताटाशी, आपल्या तब्येतीशी आणि अगदी आईच्या पोटात वाढणाऱ्या बाळाशीही जोडलेला आहे. म्हणून आधी विकर समजून घेऊ, मग त्यांचं आयुष्य पाहू.

विकर म्हणजे काय?

भाकरीचा घास तोंडात बराच वेळ चावत राहिलात तर तो हळूहळू गोड लागायला लागतो. साखर तर कोणी घातली नाही, मग गोडी कुठून आली? लाळेत एक विकर असतं. ते भाकरीतल्या पिष्टाचे तुकडे करून त्याची साखर बनवतं. विकर म्हणजे शरीरातली कामं भराभर उरकणारं प्रथिन. काम करून ते स्वतः संपत नाही, पुढच्या कामाला लागतं. प्रत्येक विकराचं काम ठरलेलं असतं. पिष्ट तोडणारं विकर प्रथिनाला हात लावत नाही.

आम्हा लोणारच्या लोकांना तर यासाठी लांब जायला नको. उल्का पडून तयार झालेलं आमचं सरोवर खारं आहे आणि अल्कधर्मी आहे. पाण्याचा सामू 10 च्या आसपास असतो. अशा पाण्यात बहुतेक जीव टिकत नाहीत, पण काही जिवाणू मजेत राहतात. कारण त्यांची विकरं अशा पाण्यातही काम करतात. कपडे धुण्याच्या पावडरीत रक्ताचे, दुधाचे डाग काढणारी जी विकरं घालतात, त्यांनाही साबणाच्या अल्कधर्मी पाण्यातच काम करावं लागतं. म्हणूनच लोणारच्या जिवाणूंमधून अशी विकरं वेगळी काढण्याचं काम संशोधकांनी केलं आहे. सहलीला आलेल्या मुलांना आपण विवराचा व्यास सांगतो, देवळं दाखवतो. ही गोष्टही सांगत चला.

आता विकराबद्दलची सगळ्यात महत्त्वाची बाब. विकर असणं जितकं गरजेचं, तितकंच ते योग्य वेळी, योग्य जागी आणि योग्य प्रमाणात असणं गरजेचं. प्रथिन तोडणारं विकर आतड्यात हवं. तेच भलतीकडे मोकाट सुटलं तर आपल्याच शरीराचं मांस तोडेल. म्हणून निसर्गाने विकरांना लगाम घालणारे पदार्थही बनवले आहेत. कमलाबाईंच्या मुंबईतल्या संशोधनाचा मोठा भाग या लगामांवर होता. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल.

घर आणि शिक्षण

कमलाबाईंचा जन्म 18 जून 1911 रोजी इंदूरला झाला. वडील नारायणराव भागवत आणि काका माधवराव भागवत, दोघेही रसायनशास्त्रज्ञ. दोघांचंही शिक्षण बंगळूरच्या टाटा विज्ञान संस्थेत झालेलं, जिला आज आपण भारतीय विज्ञान संस्था म्हणतो. मोठी बहीण म्हणजे दुर्गा भागवत, लोकसंस्कृतीच्या अभ्यासक आणि 1975 च्या कऱ्हाड साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष. आणीबाणीच्या विरोधात उभ्या राहिल्या त्याच दुर्गाबाई. एकाच घरातल्या दोन मुली, एकीने शब्द हाती घेतला, दुसरीने परीक्षानळी. पण जे पटत नाही ते मुकाट्याने सोसायचं नाही, हा गुण दोघींमध्ये सारखाच.

पालकांनी इथे थोडं थांबून विचार करावा. त्या काळी मुलीला शाळेत पाठवणं हीच मोठी गोष्ट होती. भागवतांच्या घरी मुलींच्या शिक्षणाला मर्यादा घातली गेली नाही. वडील आणि काका ज्या वाटेने गेले, त्याच वाटेने आपणही जायचं असं कमलाबाईंनी ठरवलं. 1933 साली त्यांनी मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. पदवी घेतली. मुख्य विषय रसायनशास्त्र, जोडीला भौतिकशास्त्र. गुणवत्ता यादीत नाव पहिलं. आता पुढचं पाऊल सरळ होतं. बंगळूरला अर्ज करायचा आणि संशोधनाला लागायचं.

बंगळूरचं दार

त्याच वर्षी रामन बंगळूरच्या संस्थेचे संचालक झाले होते. त्या पदावर बसलेले ते पहिले भारतीय. कमलाबाईंचा अर्ज त्यांच्यापुढे गेला आणि नाकारला गेला. गुण कमी होते म्हणून नाही, जागा नव्हती म्हणूनही नाही. अर्ज करणारी मुलगी होती म्हणून. संशोधन हे बायकांचं काम नव्हे, अशी तेव्हाची समजूत होती आणि जगभर नाव झालेला शास्त्रज्ञही तिच्यातून सुटला नव्हता.

कमलाबाईंनी काय केलं? त्या घरी परतल्या नाहीत. काळ गांधीजींचा होता, सत्याग्रह हा शब्द घराघरांत पोचलेला होता. कमलाबाईंनी तोच मार्ग धरला. संचालकांच्या कार्यालयाबाहेर त्यांनी सत्याग्रह केला आणि प्रवेश नाकारण्याचं कारण मागितलं. पटण्याजोगं कारण नव्हतंच. शेवटी रामन यांनी प्रवेश दिला, पण अटी घालून. पहिलं वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून धरणार नाही. मार्गदर्शक सांगतील तेव्हा, रात्री उशिरापर्यंतही काम करावं लागेल. काम पसंत पडलं तरच पुढे मान्यता. आणि त्यांच्या असण्याने तिथल्या पुरुष संशोधकांचं लक्ष विचलित होता कामा नये.

या शेवटच्या अटीवर वर्गात नक्की बोला. मुलांचं लक्ष विचलित झालं तर जबाबदारी कोणाची? मुलांची की मुलीची? आजही मुलींचे कपडे, त्यांचं हसणं, खिडकीशी बसणं यावरून नियम करताना आपण हाच प्रश्न उलटा सोडवतो.

कमलाबाईंना त्या अटी अपमानास्पद वाटल्या आणि तरीही त्यांनी त्या मान्य केल्या. कारण प्रयोगशाळेत शिरल्याशिवाय काहीच सिद्ध करता येणार नव्हतं. श्री. श्रीनिवासय्या हे त्यांचे मार्गदर्शक. शिस्तीचे कडक, पण शिकवण्यात कुचराई न करणारे. त्यांच्या हाताखाली कमलाबाईंनी दूध, डाळी, कडधान्यं यांतल्या प्रथिनांवर काम केलं. वर्षभरात रामन यांची खात्री पटली आणि त्या नियमित विद्यार्थिनी झाल्या. 1936 साली त्यांनी एम.एस्सी. पदवी विशेष प्रावीण्यासह मिळवली. पुढे त्या संस्थेचं दार इतर मुलींसाठीही उघडलं.

पण ते दार आपोआप उघडलं नाही, हे मुलांना कळू द्या. एकीने वर्षभर अटींखाली काम केलं, तेव्हा पुढच्या मुलींची वाट मोकळी झाली. आणि ज्या मुली परत पाठवल्यावर मुकाट घरी गेल्या असतील, त्यांची नावं कोणत्याच पुस्तकात नाहीत.

केंब्रिज आणि बटाटा

1937 साली शिष्यवृत्ती घेऊन कमलाबाई इंग्लंडला गेल्या. केंब्रिजमध्ये न्यूनहॅम कॉलेजात त्यांनी प्रवेश घेतला. तिथे जीवरसायनशास्त्राचे प्रमुख होते सर फ्रेडरिक गौलंड हॉपकिन्स. जीवनसत्त्वांच्या शोधासाठी 1929 चं नोबेल मिळवलेले. त्यांच्या प्रयोगशाळेत जागेची इतकी टंचाई की डॉ. डेरेक रिक्टर यांनी आपलं टेबल दिवसा कमलाबाईंना कामासाठी दिलं आणि रात्री ते स्वतः त्याच टेबलावर झोपत. बंगळूरला जागा असून दार बंद, इथे जागा नसताना टेबल वाटून घेतलं. हा फरक लक्षात घ्या.

रिक्टर दुसरीकडे गेल्यावर कमलाबाई डॉ. रॉबिन हिल यांच्याकडे काम करू लागल्या. हिल वनस्पतींवर काम करत होते. कमलाबाईंनी बटाटा घेतला. आपण श्वास घेतो, तशी वनस्पतीची प्रत्येक पेशीही श्वसन करते, म्हणजे अन्नाचं ज्वलन करून ऊर्जा मिळवते. या कामात सायटोक्रोम सी नावाचं एक प्रथिन मदत करतं. त्याची गणना तेव्हा विकरांत होत असे. ते वनस्पतींच्या पेशींमध्येही असतं आणि त्यांच्या श्वसनात भाग घेतं, हे कमलाबाईंनी दाखवून दिलं. प्राण्यांच्या पेशीत आणि बटाट्याच्या पेशीत एकाच तऱ्हेची यंत्रणा चालते. सजीव सगळे एका गोत्राचे आहेत, याचा हा आणखी एक पुरावा होता.

केंब्रिजला पोचल्यापासून 14 महिन्यांत त्यांनी संशोधन आणि प्रबंध दोन्ही पूर्ण केलं. प्रबंध टंकलिखित फक्त 40 पानांचा. जाड प्रकल्प वह्यांना जास्त गुण देण्याची सवय आपल्याला लागली आहे, तिच्यासाठी हे उदाहरण चांगलं आहे. सांगण्यासारखं नेमकं असलं की पानं कमी लागतात. 1939 साली त्यांना पीएच.डी. मिळाली.

परत मायदेशी

एवढं शिक्षण घेऊन त्या परदेशात राहू शकल्या असत्या. पण 1939 सालीच त्या भारतात परतल्या. दिल्लीच्या लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालयात जीवरसायनशास्त्राचा विभाग नव्याने सुरू झाला होता, त्याच्या त्या प्राध्यापक आणि प्रमुख झाल्या. नंतर कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत साहाय्यक संचालक म्हणून त्यांनी जीवनसत्त्वांवर काम केलं. 1947 साली एम. व्ही. सोहोनी यांच्याशी त्यांचं लग्न झालं. सोहोनी विमागणिती होते. लग्नानंतर कमलाबाई मुंबईला आल्या आणि रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये जीवरसायनशास्त्र विभागात रुजू झाल्या. इथे त्यांनी विद्यार्थी घडवले आणि आयुष्यातलं सगळ्यात उपयोगी काम केलं.

केंब्रिजहून आलेल्या शास्त्रज्ञाने कोणता विषय घ्यावा? कमलाबाईंनी गरिबाचं ताट घेतलं. वाल, कडधान्यं, तांदळाचं पीठ, नीरा, ताडगूळ. मांस-मासे, दूध ज्यांना रोज परवडत नाही, त्यांच्या अंगी लागणारं प्रथिन कुठून येतं आणि ते पूर्णपणे अंगी लागतं का, हा त्यांचा प्रश्न होता.

वालाच्या दाण्यातला लगाम

आता मघाचा लगाम आठवा. आपल्या स्वादुपिंडात ट्रिप्सिन नावाचं विकर तयार होतं. प्रथिनांचे तुकडे करणं हे त्याचं काम. स्वादुपिंडात ते झोपलेल्या रूपात असतं. लहान आतड्यात पोचल्यावर दुसरं एक विकर त्याला जागं करतं. तसं नसतं तर त्याने स्वादुपिंडच पचवून टाकलं असतं.

वाल, पावटे, डबल बीन अशा कडधान्यांच्या दाण्यांत असं काही असतं की ते ट्रिप्सिनचं काम थांबवतं. दाण्याच्या बाजूने पाहिलं तर हे शहाणपण आहे. किडीने दाणा खाल्ला तरी तिला तो पचू नये, म्हणून झाडाने केलेली ही सोय. पण माणसाने कच्चा किंवा अर्धा शिजलेला दाणा खाल्ला तर त्यालाही हाच त्रास. पोटात प्रथिन गेलं, पण पचलं नाही.

कमलाबाई आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी भारतीय अन्नपदार्थांतले हे ट्रिप्सिनरोधक शोधले, मोजले. वाल आणि डबल बीन यांतले रोधक त्यांनी स्फटिकरूपात शुद्ध करून दाखवले. ते काम 1955 साली नेचर या जगप्रसिद्ध नियतकालिकात छापून आलं. म्हणजे आपल्याकडे हिवाळ्यात पोपटाच्या शेंगा म्हणून ज्या मिळतात आणि कोकणात ज्यांच्या बिरड्या करतात, तो वालाचा दाणा जगाच्या विज्ञानात जाऊन बसला.

आणि गंमत पाहा. आपल्या आज्या वाल रात्री भिजत घालतात, मोड आणतात, सोलतात, मग नीट शिजवतात. या रोधकांपैकी बरेचसे उष्णतेने निकामी होतात. भिजवून, मोड आणूनही पचनाला मदत होते. प्रयोगशाळेत न गेलेल्या बायकांनी अनुभवाने जे साधलं, त्याचं कारण कमलाबाईंनी प्रयोगशाळेत शोधलं. शाळेतला पोषण आहार शिजवणाऱ्या ताईंना म्हणूनच एवढं जरूर सांगा, की मटकी असो, चवळी असो की वाटाणा, दाणा बोटाने सहज चिरडेपर्यंत शिजू द्या. घाईने उतरवलेल्या उसळीत प्रथिन तेवढंच असतं, पण मुलाच्या अंगी कमी लागतं.

नीरा

राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून कमलाबाईंनी नीरेवर काम हाती घेतलं. ताड, माड, शिंदी यांचा ताजा, न आंबलेला रस म्हणजे नीरा. तिच्यात जीवनसत्त्वं आणि लोह लक्षणीय प्रमाणात असल्याचं त्यांच्या कामातून दिसलं. नीरा आटवून केलेल्या ताडगुळातही त्यांतला भाग टिकतो, हेही कळलं. कुपोषित आदिवासी किशोरवयीन मुलांच्या आणि गरोदर बायकांच्या आहारात नीरा दिली, तेव्हा त्यांच्या तब्येतीत चांगली सुधारणा झाली. स्वस्त, जवळपास मिळणारं आणि लोकांच्या ओळखीचं अन्न. या कामासाठी त्यांना राष्ट्रपतींचं पारितोषिक मिळालं.

गरोदर बाईचं नाव इथे आलं आहे, तर विकरांची आणखी एक गोष्ट सांगते. ही कमलाबाईंच्या संशोधनातली नाही, त्यांच्यानंतर बरीच पुढे गेलेली आहे. पण विकर आणि लगाम हे दोन शब्द समजले की तीही समजते.

आईच्या पोटातली विकरं

गर्भ राहिल्यावर सुमारे सहाव्या-सातव्या दिवशी तो इवलासा पेशींचा गोळा गर्भाशयाच्या अस्तराला चिकटतो. त्याच्या बाहेरच्या थरातल्या पेशींना ट्रोफोब्लास्ट म्हणतात. पुढे यांच्यापासूनच वार तयार होते, जिला पुस्तकात अपरा म्हणतात. वारेतून बाळाला आईच्या रक्तातलं अन्न आणि ऑक्सिजन मिळतो. पण त्यासाठी या पेशींना आधी आईच्या अस्तरात शिरावं लागतं. अस्तर तर प्रथिनांच्या जाळीचं. मग या पेशी काय करतात? प्रथिनं तोडणारी विकरं बनवतात आणि वाट काढत आत जातात.

किती विकर बनवायचं, हे त्यांना कोण सांगतं? शेजारच्या पेशी आणि आईचं अस्तर रासायनिक निरोप पाठवतात. पेशीच्या पृष्ठभागावर त्या निरोपासाठी ठरावीक जागा असते. कुलपात चावी बसावी तसा निरोप तिथे बसतो. मग पेशीच्या आत एक प्रथिन दुसऱ्याला जागं करतं, दुसरं तिसऱ्याला. परिपाठाला उभ्या असलेल्या रांगेत पहिल्याने दुसऱ्याच्या कानात सांगावं, दुसऱ्याने तिसऱ्याच्या, तसा निरोप केंद्रकापर्यंत पोचतो. तिथे त्या विकराचा जनुक चालू होतो आणि विकर तयार व्हायला लागतं. काही निरोप उत्पादन वाढवणारे असतात, काही कमी करणारे. शिवाय आईच्या अस्तरातल्या पेशी विकराला थेट रोखणारी प्रथिनंही बनवतात. वालाच्या दाण्यात जे तत्त्व, तेच इथे. वस्तू वेगळी, तत्त्व एकच.

हे गणित चुकलं तर? पेशी पुरेशा आत गेल्या नाहीत, तर आईच्या रक्तवाहिन्या हव्या तेवढ्या रुंद होत नाहीत. बाळाला अन्न कमी पडतं आणि गरोदरपणाच्या उत्तरार्धात आईचा रक्तदाब धोकादायक वाढू शकतो. त्या फार खोल गेल्या, तर बाळंतपणानंतर वार सुटत नाही आणि रक्तस्राव होतो. दोन्ही गोष्टींत बाईचा जीव जाऊ शकतो. म्हणून पालकहो, घरात कोणी गरोदर असेल तर दर तपासणीला रक्तदाब मोजून घ्या. आशाताई आठवण करून देतात तेव्हा शेतात काम आहे म्हणून टाळू नका. हातपाय-तोंड सुजणं, डोकं खूप दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी येणं याकडे दुर्लक्ष करू नका. लगेच दवाखाना गाठा.

ग्राहकांसाठी काम आणि शेवटचा दिवस

मुंबईच्या आरे दूध योजनेलाही कमलाबाईंनी दुधाच्या प्रतीबाबत सल्ला दिला. पुढे त्या आपल्या संस्थेच्या संचालकही झाल्या, पण ते पद त्यांना सहज मिळालं नाही. बंगळूरची अटी घालणारी वृत्ती त्यांना मुंबईतही भेटली. पात्रता असताना काही वर्षं वाट पाहावी लागली. तरुणपणी एकदा सिद्ध केलं की बाईला पुढे सगळं मोकळं, असं नसतं. हेही वर्गात सांगा, कारण मुलींना खोटी आशा देऊन उपयोग नाही.

1966 साली मुंबईत नऊ महिलांनी एकत्र येऊन भारतीय ग्राहक मार्गदर्शन संस्था स्थापन केली. भेसळ, वजनमापातली फसवणूक यांविरुद्ध लोकांना जागं करणं हे तिचं काम. कमलाबाई या संस्थेच्या सक्रिय सदस्य होत्या, 1982-83 मध्ये अध्यक्षही होत्या. संस्थेच्या कीमत या मासिकात त्या लिहीत. विद्यार्थ्यांसाठी त्यांनी मराठीत पुस्तकंही लिहिली. जे आपल्याला कळलं ते सामान्य माणसाला त्याच्या भाषेत कळलं पाहिजे, ही त्यांची धारणा होती. आपण शिक्षक आहोत, तेव्हा याचं मोल आपल्याला वेगळं सांगायला नको.

1998 साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने दिल्लीत त्यांचा सत्कार केला. त्या समारंभातच त्या कोसळल्या आणि थोड्याच काळात त्यांचं निधन झालं. वय ऐंशीच्या बरंच पुढे गेलेलं. ज्या मुलीला संशोधनाला अपात्र ठरवलं होतं, तिचा शेवटचा कार्यक्रम देशातल्या संशोधकांनी केलेला तिचा गौरव होता.

वर्गात करून पाहा

कमलाबाईंचं चरित्र नुसतं वाचून दाखवू नका, बटाटा आणा. दोन वाट्या घ्या. एकीत कच्च्या बटाट्याची चकती, दुसरीत उकडून गार केलेल्या बटाट्याची. मेडिकलमध्ये जखम धुवायला हायड्रोजन पेरॉक्साइड मिळतं, ते दोन्हींवर थोडं टाका. हे काम शिक्षकांनीच करावं, हाताला-डोळ्याला लागू देऊ नये. कच्च्या बटाट्यावर फेस येईल, उकडलेल्यावर येणार नाही. फेस म्हणजे ऑक्सिजनचे बुडबुडे. बटाट्यातलं कॅटलेज नावाचं विकर पेरॉक्साइड फोडतं. कमलाबाईंनी बटाट्यात शोधलं ते हे नव्हे, ते वेगळं. पण उष्णतेने विकर निकामी होतं, हे मुलांना डोळ्यांनी दिसतं. त्यावरून वाल नीट का शिजवायचे, हे मुलंच सांगतील. कारण रोधक हेही एक प्रथिनच.

प्रयोगानंतर हे प्रश्न विचारा :

1. भाकरी खूप वेळ चावली की गोड का लागते?
2. उकडलेल्या बटाट्यावर फेस का आला नाही?
3. वालाच्या दाण्याला ट्रिप्सिन थांबवण्याची गरज काय?
4. कमलाबाईंना घातलेल्या अटींपैकी कोणती अट तुम्हाला सगळ्यात जास्त खटकते? का?
5. तुमच्या घरात मुलीला घातली जाते पण मुलाला घातली जात नाही, अशी एखादी अट आहे का?

पाचव्या प्रश्नाला मुलं सुरुवातीला गप्प बसतील. घाई करू नका. एक हात वर आला की मग थांबत नाहीत.

शेवटी

रामन यांच्याबद्दल मुलांच्या मनात राग निर्माण करणं हा या लेखाचा हेतू नाही. त्यांचा शोध मोठाच आहे. पुढे मुलींसाठी दार उघडलं तेही त्यांच्याच काळात, आणि अण्णा मणींसारख्या हवामानशास्त्रज्ञाने तरुणपणी त्यांच्याच प्रयोगशाळेत काम केलं. पण मोठा माणूसही एखाद्या बाबतीत चुकीचं वागू शकतो आणि कामाने त्याचं मत बदलता येतं, हे मुलांना कळलं तर विज्ञान दिन खरा साजरा झाला.

मी डी.एड. झालेली प्राथमिक शिक्षिका आहे. आमच्या भागात कापूस वेचणीच्या दिवसांत वर्गातल्या मुली कमी व्हायला लागतात. कोणी धाकट्या भावाला सांभाळायला घरी राहते, कोणी आईबरोबर वावरात जाते. सातवी-आठवीनंतर शाळा दुसऱ्या गावाला असली की अटी सुरू होतात. सोबत असेल तर जा. उन्हाच्या आत ये. घरचं आवरून जा. त्यांच्याही पुढे कमलाबाईंसारखंच एक दार असतं, फक्त ते बंगळूरला नसतं, घरातच असतं. आणि संचालकांच्या कार्यालयापुढे सत्याग्रह करता येतो, पण बारा वर्षांच्या मुलीने घरात कोणापुढे सत्याग्रह करावा?

म्हणून हे काम आपलं आहे. यंदा 28 फेब्रुवारीला रामन यांच्या फोटोशेजारी कमला सोहोनींचाही फोटो ठेवा. पालकांना त्या कार्यक्रमाला बोलवा. बटाट्याचा प्रयोग मुलींच्या हातून समजावून सांगू द्या. आणि ज्या मुलीचं नाव पुढच्या वर्षी पटावरून कमी होईल अशी भीती तुम्हाला वाटते, तिच्या आईवडिलांशी त्याच दिवशी बोला.